‘कमी चाललेली डिझेल डोळे झाकून घ्या’ : या सल्ल्यात काय काय चुकतंय

“सेकंडहँड कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेताय? मग डिझेलच घ्या, डिझेल इंजिन मरत नाही. ६० हजारांच्या आत चाललेली, सिंगल ओनर, शोरूम-मेंटेन्ड बघा. एसयूव्हीची बॉडी दणकट असते, खड्ड्यांची काळजी नको. एक राउंड मारा, आवाज आला नाही तर डोळे झाकून टोकन द्या.”

हा मजकूर थोड्याफार फरकाने जवळजवळ प्रत्येक फॅमिली ग्रुपवर येऊन गेलाय. सहा-सात लाख म्हणजे बहुतेक घरांत काही वर्षांची बचत आणि वर कर्जाचा हप्ता. एवढी रक्कम या पाच वाक्यांच्या भरवशावर जाऊ नये, म्हणून एकेक मुद्दा घेतो. माझा मुख्य आक्षेप असा की यातल्या बहुतेक खुणा विकणाऱ्याला सहज जमवता येतात. गाडी नेमकी कुठे बिघडणार हे त्या त्या मॉडेलचं इंजिन, त्याचा गिअरबॉक्स आणि ती कशी वापरली गेली यावर ठरतं. त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

आधी डिझेल. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (गाडीच्या धुरावरचे जास्त कडक नियम) लागू झालं आणि या वर्गातल्या डिझेल गाड्यांना डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आला. अडकलेली काजळी तो अधूनमधून जाळून टाकतो, पण त्यासाठी एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो आणि गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. मुलांना शाळेत सोडणं, मंडई आणि चार किलोमीटरवरचं ऑफिस एवढाच वापर असेल तर हे जाळणं अर्ध्यावर तुटतं. फिल्टर चोंदतो, दिवा लागतो, पिकअप पडतो. शिवाय काजळी जाळण्यासाठी जादा सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून बीएस-६ डिझेल बघायला गेलात की डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढाच. ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलेलं असेल, पातळ असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर ‘भरपूर ऑइल आहे’ म्हणून खूश होऊ नका. अशी गाडी सोडून द्या. मेसेजमध्ये ज्या गाडीची शिफारस आहे, ती कमी चाललेली शहरातली डिझेल, नेमकी हीच असते.

‘मग बीएस-४ डिझेल घेतो’ असं म्हणणारेही भेटतात. डीपीएफचा त्रास तिथे नाही हे खरं. २०१६ ते २०२० मधली व्हिटारा ब्रेझा फक्त १.३ लिटर डिझेलमध्ये मिळायची. त्या इंजिनात टायमिंग चेन (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची हालचाल जुळवून ठेवणारी साखळी) असते, आणि ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत ती सैल पडते. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू केल्यावर पहिले काही सेकंद समोरून खडखड ऐकू येते का, तेवढं ऐका. २०१२ साली आलेल्या रेनॉ डस्टरच्या १.५ डिझेलमध्ये चेन नाही, टायमिंग बेल्ट आहे. तो किलोमीटरवर जातो तसाच वयावरही जातो, आणि चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. विकणारा ‘बेल्ट बदललाय’ म्हणाला तर बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरूनच भाव करा.

आता ६० हजारांचा मुद्दा, ज्यावर लोकांचा सगळ्यात जास्त विश्वास आहे. इंजिन किती झिजलं हे बघायचं तर किलोमीटरइतकेच तास महत्त्वाचे. हिंजवडीच्या गर्दीत ताशी १५ च्या सरासरीने ६० हजार किलोमीटर झाले, तर इंजिन ४,००० तास चाललं. नाशिक-धुळे करणाऱ्या गाडीचे ताशी ६० ने १ लाख २० हजार झाले, तर तास झाले २,०००. मीटरवर दुप्पट आकडा असलेली गाडी इंजिनाच्या हिशेबाने अर्धीच राबली आहे. क्लच आणि ब्रेकचंही तसंच. दुसरं म्हणजे वेळ. सर्व्हिसची अट साधारण ‘१० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ अशी असते. पाच वर्षांत २२ हजार चाललेल्या गाडीचंही ऑइल वर्षाला एकदा बदलायला हवं होतं. रेकॉर्डमध्ये दोनच सर्व्हिस दिसल्या तर त्या कमी किलोमीटरचा उपयोग काय?

आणि तो आकडा खरा तरी कशावरून? मीटर मागे करून देणारे आजही आहेत. पॅडलचं रबर, स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कडा, ड्रायव्हर सीटचा बसलेला कोपरा हे मीटरशी जुळतंय का बघा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ‘३२१९’ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. २०२१ ची गाडी, मीटर २५ हजार आणि चारही टायर २०२४ चे, तर टायर का बदलावे लागले हे विचारायलाच हवं.

यासोबत ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं छोटं यंत्र, लावा. ब्लूटूथवाला काही शे रुपयांत मिळतो, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतो आणि मोबाइलवर दिसतो. बहुतेक जण फक्त ‘एरर कोड नाही’ एवढंच वाचतात. बघायची ओळ दुसरीच आहे : कोड पुसल्यापासून गाडी किती चालली. तिथे ११ किलोमीटर दिसले, तर तुम्ही येण्याच्या आदल्या दिवशी कुणीतरी दिवा घालवलाय. रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पुऱ्या केल्या का ते सांगणाऱ्या ओळी) ‘अपूर्ण’ दाखवत असतील तर संशय आणखी पक्का.

सिंगल ओनर. आरसीवर मालकाचा क्रमांक असतो, एवढंच त्यातून कळतं. तो एक मालक गाडी भाड्याने देत होता की घरात तिघं शिकाऊ चालवत होते, हे आरसी सांगत नाही.

‘शोरूम-मेंटेन्ड’मध्ये मात्र थोडं तथ्य आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरची हिस्टरी हातात असणं चांगलंच. पण तिथे झालेलं कामच त्यात दिसतं, बाहेर केलेलं डेंटिंग-पेंटिंग दिसत नाही. म्हणून मागच्या विमा पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) बघा. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्के होतो. पहिल्याच मालकाकडच्या चार वर्षांच्या गाडीवर तो शून्य असेल तर मागच्या वर्षी क्लेम झाला असण्याची शक्यता मोठी. तो काचेचा होता की पुराचा, हे विचारा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं, तेव्हा गाड्याही बुडाल्या होत्या, आणि अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या बाजारात पोचतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. रोज न उलगडणाऱ्या त्या शेवटच्या वितीवर चिखलाची रेष राहून जाते. स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवा, सीटच्या रुळांवर आणि डॅशबोर्डखालच्या स्क्रूंवर गंज आहे का पाहा. बुडालेल्या गाडीचं वायरिंग पुढची कित्येक वर्षं छळतं.

‘एसयूव्हीची बॉडी दणकट’ हे वाक्य बोलेरोच्या जमान्यातलं आहे. बोलेरोला शिडीसारखी स्वतंत्र चासी असते. ब्रेझा, व्हेन्यू, नेक्सॉन, इकोस्पोर्ट या सगळ्या मोनोकॉक आहेत, म्हणजे बॉडी हाच सांगाडा, वेगळी चासी नाही; इकोस्पोर्ट तर फिएस्टा या छोट्या कारच्याच प्लॅटफॉर्मवर बनली. उंच आहे म्हणून लोक खड्ड्यात बेधडक घालतात आणि लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, स्ट्रट माउंट हे सस्पेन्शनचे भाग जातात. स्पीड-ब्रेकरवरून तिरकी, हळू घ्या, म्हणजे कट-कट लगेच कळेल. ह्युंदाईच्या काही गाड्यांत उभ्या गाडीचं स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवलं की टक-टक येते. त्यात बऱ्याचदा स्टिअरिंगच्या मोटरमधला छोटा रबर कपलिंग झिजलेला असतो. भाग स्वस्त आहे, पण मजुरी भावातून वजा करून घ्या.

मेसेज ऑटोमॅटिकबद्दल काहीच बोलत नाही, आणि खिसा सगळ्यात जास्त तिथेच फाटतो. इकोस्पोर्टच्या सुरुवातीच्या १.५ पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये पॉवरशिफ्ट हा ड्युअल-क्लच (दोन क्लचवर चालणारा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स होता. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने फोकस, फिएस्टा आणि इकोस्पोर्टमधल्या याच गिअरबॉक्सच्या तक्रारी चुकीच्या पद्धतीने हाताळल्याबद्दल फोर्डच्या तिथल्या कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. २०१७ च्या फेसलिफ्टनंतर इकोस्पोर्टला टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक) आला. म्हणजे नाव तेच, गाडी तीच, आणि वर्षावर सगळा फरक. ड्युअल-क्लच कुठल्याही कंपनीचा असो, ट्रॅफिकमध्ये सरकते तशी, ब्रेक हळूच सोडून पुन्हा पुन्हा सरकवून बघा. थरथर आली तर क्लच गेलाय. एएमटी (साध्या गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर आपोआप टाकणारी ऑटोमॅटिक) असेल तर चढावर थांबवून उचला.

‘एक राउंड मारा’ हा शेवटचा सल्ला. हा राउंड नेहमी आधीच गरम केलेल्या गाडीत होतो. गरम इंजिनात चेनचा आवाज दबतो, कमकुवत बॅटरी लपते, इंजेक्टरची कुरबुर कळत नाही. म्हणून विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी यायच्या आधी गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बोनेट उघडायला लावा. गार असेल तर सुरू करा आणि सायलेन्सरमागे उभं राहून धूर बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि पांढरा दाट धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कुलंट जळत असण्याची शंका घ्या. मग अर्धा-पाऊण तास चालवा, त्यात एक घाट किंवा निदान लांब चढ असू द्या, एसी पूर्ण वेळ चालू ठेवा आणि परत आल्यावर पुन्हा एकदा ऑइल, कुलंट आणि स्कॅनर बघा.

एवढं झाल्यावर गाडी तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे रॅम्पवर न्या. खालून ऑइलची गळती, वाकलेला क्रॉस मेंबर (गाडीखालची आडवी पट्टी), ताजा मारलेला काळा रंग दिसतो. विक्रेता म्हणेल, आमच्याच माणसाकडून तपासून देतो. टोकन तोवर खिशातच ठेवा.