‘रोज बॅकअप होतो, मग आणखी काय हवं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सरकारी रुग्णालयांतल्या डिजिटल नोंदींच्या जतनावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: सर्व्हरचा रोज बॅकअप होतो, कायदा तीनच वर्षं नोंद ठेवायला सांगतो, आणि नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत औषधांसाठी रांगा असताना यावर खर्च कशाला? खर्चाचा मुद्दा रास्त आहे. लेखात तो सुटला, ही माझी चूक. बाकी दोन मुद्दे मात्र मला अजिबात पटत नाहीत.

बॅकअप कालची स्थिती परत आणतो. कुणी काल रक्तगट बदलला असेल, तर बदललेलाच परत येतो. शिवाय ती फाईल त्याच सॉफ्टवेअरला वाचता येते. कंत्राट संपून नवी प्रणाली आली की जुना डेटाबेस उघडायला ना परवाना उरतो, ना माणूस. तक्ते हाती लागले तरी त्यात ‘निदान: १७’ असतं, आणि १७ म्हणजे काय हे सांगणारी कोडसूची कुणी मागून घेतलेलीच नसते.

विदर्भातलंच उदाहरण घ्या. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली, तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या चाचण्यांनी ठरतं. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असतं, त्यामुळे हीच चाचणी चुकीची निगेटिव्ह येऊ शकते. आता समजा, अशा एका तान्ह्या मुलीची नोंद नव्या प्रणालीत नेताना ‘निकाल’ हा रकाना आला, पण ‘पद्धत’ आणि ‘नमुना घेतल्याची तारीख’ गळाली. पंचवीस वर्षांनी लग्नाच्या वेळी त्या मुलीच्या हाती नुसतं ‘निगेटिव्ह’ येईल. नोंदीतलं एक अक्षरही बदललेलं नाही, तरी तिच्यावर विसंबता येत नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेने ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं. या नोंदी पुढच्या पिढीला लागणार आहेत.

म्हणून तीन वर्षांचा हवाला इथे पुरत नाही. २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या विनियमांतली ती मुदत आंतररुग्णांच्या नोंदींसाठी आहे, आणि ती किमान आहे. केंद्राच्या २०१६ च्या ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी) मानकांत तर व्यक्तीच्या हयातीत नोंद नष्ट करू नये असंच सांगितलंय.

मग करायचं काय? रुग्णाला सुट्टी झाली की त्या भरतीची नोंद गोठवायची. डिस्चार्ज कार्ड पीडीएफ/ए-२यू या दीर्घकाळ जतनासाठीच्या पीडीएफ प्रकारात, तपासण्यांचे आकडे एक्सएमएल किंवा जेसन या खुल्या स्वरूपांत, सोबत एकक, प्रयोगशाळेची सामान्य मर्यादा, चाचणीची पद्धत, त्या दिवशीची कोडसूची आणि कुणी कधी काय भरलं-बदललं याचा लॉग. छापील कागद स्कॅन केला तर हा लॉगच हरवतो. दुरुस्ती करायची तर जुनं खोडायचं नाही. नवी पुरवणी जोडायची, तारीख आणि नावासह.

‘२यू’चा आग्रह मराठीसाठी आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर फॉन्ट गेला की अगम्य चिन्हं होतो. पीडीएफमध्ये फॉन्ट बसवला तर तो डोळ्यांना दिसतो, पण शोधता येत नाही. २यू प्रत्येक अक्षराची युनिकोडशी जोडणी मागतं. ही जोडणी खरोखर बरोबर आहे का, हे मात्र मजकूर कॉपी करून तपासावं लागतं.

प्रत्येक फाईलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाईलमध्ये एक अक्षर बदललं तरी बदलणारा तिचा डिजिटल ठसा, त्याच दिवशी काढायचा आणि यादी दुसऱ्या विभागाच्या ताब्यात द्यायची. ज्याच्याकडे फाईल त्याच्याकडेच यादी असेल, तर दोन्ही एकदम बदलता येतात. हॅशने नोंद खरी ठरत नाही. त्या दिवसानंतर ती बदलली नाही एवढंच ठरतं. डिजिटल नोंद न्यायालयात पुरावा म्हणून द्यायची, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात १ जुलै २०२४ पासून हॅश द्यावा लागतो. तो साक्षीच्या आदल्या दिवशी काढला, तर मधल्या वर्षांबद्दल तो काहीच सांगत नाही. डॉक्टरांच्या डिजिटल सहीचंही तसंच. सहीमागच्या प्रमाणपत्राची मुदत दोन-तीन वर्षांत संपते. सही करतानाच प्रमाणपत्रांची साखळी, ते रद्द नसल्याचा पुरावा आणि कालमुद्रा (सहीच्या वेळेचा पडताळता येणारा शिक्का) फाईलमध्ये घातली नाही, तर पुढे ती सही पडताळता येत नाही.

प्रती तीन हव्यात, त्यातली एक नागपूरबाहेर. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून शहरात पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्यावर सामान ठेवलेल्यांना याचं कारण समजावून सांगावं लागलं नसतं. प्रतींसाठी एलटीओ ही चुंबकीय टेप वापरत असाल तर तिच्या पिढ्या लक्षात ठेवा, एलटीओ-८ चा ड्राइव्ह एलटीओ-६ ची टेप वाचत नाही. वर्षातून एकदा हॅश जुळवून पाहा आणि शे-दोनशे नोंदी दुसऱ्याच संगणकावर उघडून बघा.

आता खर्च. हॅश काढायची आणि पीडीएफ/ए तपासायची साधनं फुकट आहेत. जागा खातात त्या प्रतिमा: सीटी स्कॅनचा ५१२ बाय ५१२ बिंदूंचा एक काप साधारण अर्धा एमबी, ६०० कापांचे ३०० एमबी. एका रुग्णाचा मजकूर आणि आकडे त्यापुढे नगण्य. तेव्हा मजकुरापासून सुरुवात करा, प्रतिमांचं धोरण मागाहून ठरवा. सगळ्यात स्वस्त काम निविदेतच उरकतं: कोडसूची आणि लॉगसह संपूर्ण डेटा खुल्या स्वरूपात देण्याची अट, आणि त्याची चाचणी कंत्राटाच्या पहिल्याच वर्षी. शेवटच्या महिन्यात मागितलं तर पुरवठादार सांगेल ती किंमत मोजावी लागते.