झाकली मूठ, उघडी वही

काळा धंदा करायचाय? मग डोळे मिटून बिटकॉइन घ्या. ते गुन्हेगारांचं नाणं आहे असं चारचौघं म्हणतात, म्हणजे खात्रीचाच माल. रोख रकमेच्या वाटेला तर जाऊच नका. नोट या हातातून त्या हातात गेली की मागे काही उरतच नाही. एवढ्या मेहनतीने गुन्हा करायचा आणि त्याची कुठे नोंदही नाही, हे बरं दिसतं का?

बिटकॉइनमध्ये तशी गैरसोय नाही. ३ जानेवारी २००९ पासूनचा व्यवहार न् व्यवहार एकाच वहीत टिपलेला आहे. वहीच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर. कुणीही वाचावी, पान मात्र कुणालाच फाडता येत नाही. तुमच्या नावाऐवजी तिथे अक्षरं-आकड्यांचा एक पत्ता असतो. हाच तो सुप्रसिद्ध बुरखा! एखाद्या एक्स्चेंजवर, म्हणजे नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या पेढीवर, ओळखपत्र दाखवून नाणी विकलीत की तो पत्ता तुमच्या नावाला चिकटतो, आणि मागची सगळी पानं बोलू लागतात.

कित्ता गिरवायचा तर ‘सिल्क रोड’चा. २०११मध्ये सुरू झालेला हा अमली पदार्थांचा छुपा बाजार. चालक रॉस उल्ब्रिक्ट मोठा सावध गडी: टोपणनाव, इंटरनेटवर माग लपवणारं टॉर, बिटकॉइन, सगळा सरंजाम होता. फक्त सुरुवातीला कामाला माणूस शोधताना त्याने स्वतःच्या नावाचा ईमेल पत्ता देऊन ठेवला, एवढंच. ऑक्टोबर २०१३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक वाचनालयात त्याला पकडलं, तेही समोर लॅपटॉप उघडा असताना. जन्मठेप झाली. २०२५मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. मधली अकरा वर्षं गेली ती गेलीच.

त्याच प्रकरणाच्या तपासावरच्या दोन सरकारी अधिकाऱ्यांनाही बिटकॉइनच्या गुप्ततेवर भारी विश्वास होता. त्यांनी तपास करता करता नाणी खिशात घातली. २०१५मध्ये दोघांनाही तुरुंगवासाची शिक्षा. कुंपणाने शेत खाल्लं खरं, पण प्रत्येक घासाची पावती वहीत राहिली.

तरीही चोरावर मोर व्हायची हौस असेल, तर धीर धरायला शिका. २०१२मध्ये एकाने सिल्क रोडलाच गंडवून सुमारे ५०,००० बिटकॉइन लांबवले. नऊ वर्षं कुणाचा पत्ता नाही. मग झडती झाली. काही ऐवज जमिनीखालच्या तिजोरीत मिळाला आणि काही न्हाणीघराच्या कपाटात, पॉपकॉर्नच्या डब्यातल्या छोट्या संगणकावर. तोवर त्याची किंमत ३ अब्ज डॉलरच्या वर गेली होती. लपवण्याची कला म्हणतात ती हीच.

दुकान निवडतानाही चोखंदळ असा. २०१७मध्ये ‘अल्फाबे’ हा असाच छुपा बाजार बंद पडल्यावर गिऱ्हाइकं धावत ‘हान्सा’ या दुसऱ्या बाजारात गेली. तिथली व्यवस्था चोख होती. असणारच, दुकान त्या वेळी डच पोलीस चालवत होते.

बाकी तुम्ही सज्जन असाल आणि नुसती गुंतवणूक करणार असाल, तर शेजारीपाजारी संशयाने बघतील. बघू द्या. नाण्याला लागलेला विटाळ फेडायचा विधी सरकारनेच घालून दिलाय. सिल्क रोडवर जप्त झालेल्यांपैकी जवळपास ३०,००० बिटकॉइन अमेरिकी मार्शल सेवेने जून २०१४मध्ये लिलावात काढले. कालपर्यंत जी ड्रग्जची कमाई, ती हातोडा पडताच सोवळी. बोली लावायला मात्र आधी ओळख पटवायची होती, वर २ लाख डॉलर अनामत. निनावी नाणं असं उगाच कुणाच्याही हाती देता येत नाही.