चारी बाजूंनी पाणी

भाचा मिशिगनहून सुट्टीवर आला आणि बॅगेतून चॉकलेटं निघायच्या आधी तंबू निघाला. गेल्या वर्षी हे महाशय लेक सुपीरियरमधल्या आइल रॉयल बेटावर चार रात्री राहून आले होते. हॉटनहून बोटीनं सहा तास. बेटावर गाड्या नाहीत. लांडगे आणि मूस नावाची दांडगी हरणं मात्र आहेत, आणि कोण कोणाला किती खातो याचा हिशेब शास्त्रज्ञ १९५८ पासून ठेवतायत. आमच्या सोसायटीचा तीन वर्षांचा लागत नाही.

"खरा एकांत, मामा! तुमच्याकडं असलं काही नाही."

हे 'तुमच्याकडं' मला लागलं. साताऱ्यात जन्मलेलं पोरगं, पाढ्यांआधी कोयनेचे टीएमसी पाठ झालेलं! "कोयना धरणाचा शिवसागर काय कमी आहे?" मी बोलून गेलो. बायकोनं कपाळाला हात लावला आणि भाकऱ्या थापायला घेतल्या.

मे महिना. कासच्या पठारावर फुलं नाहीत, नुसता तापलेला कातळ. बामणोलीत नाव ठरवली. वासोट्याच्या बाजूला अभयारण्य, तिथं रात्री राहायला मनाई. म्हणून अलीकडचं एक बोडकं बेट भाच्यानं लांबूनच पसंत केलं.

"पाणी लय उतरलंय औंदा," नाववाले काका म्हणाले.

"काका, सकाळी आठला या. तोवर आमचा जगाशी संबंध नाही."

काकांनी तोंड उघडलं, मिटलं आणि पैसे खिशात घातले.

तंबू दोन माणसांचा होता, पण त्या माणसांना गुडघे नसावेत. गरम पाणी ओतलं की पास्ता होणारी पुडी भाच्यानं कौतुकानं फोडली, चाखली, आणि मग निमूटपणे भाकरी-खरडा ओढला. पाच भाकऱ्यांतल्या चार त्यानं खाल्ल्या.

रात्री दीडला तंबूबाहेर कोणीतरी फुस्सकन श्वास सोडला.

"मामा, गवा?"

कोयनेच्या जंगलात गवे आहेत, हे दुपारी मीच छाती फुगवून सांगितलं होतं. मूस अंगावर आला तर झाडामागं उभं राहायचं, ही त्याची आइल रॉयलची शिकवण. बेटावर झाड नव्हतं. बाहेर काहीतरी चघळल्याचा आवाज येत राहिला. मला लघवीला लागली होती. ती मी उजाडेपर्यंत मामेपणाच्या जोरावर धरून ठेवली.

पहाटे चेन इंचभर उघडली. म्हैस. तोंडात भाच्याचा टॉवेल. तिच्यामागं काठी टेकत एक आजी, आणि आजींचं लुगडं कोरडं ठणठणीत.

"आजी, तुम्ही कशा आलात?"

"चालत. रातीच दावं तोडून आली बया."

त्यांनी काठीनं आमच्या पाठीमागं दाखवलं. शंभरेक पावलांवर वाळलेल्या, भेगाळलेल्या गाळाची पायवाट थेट वाडीपर्यंत गेली होती. कोयनेचं पाणी वर्षभर बोगद्यांतून वीज करायला जातं. उन्हाळ्यात बेटाची पुन्हा टेकडी होते. उतरताना आम्ही फक्त पुढची बाजू बघितली होती.

"आमच्या सासऱ्याचं खळं हुतं हितं," आजी टॉवेल ओढत म्हणाल्या. "धरणानं नेलं. उन्हाळ्याचं तेवढं माघारी मिळतंय. रातीला हाक मारायची न्हाय व्हय? घरात पंखा हाय."

मी त्यांच्या अंगणात गुळाचा चहा प्यायलो. लांबून काकांच्या नावेचा आवाज आला.

"नावंला किती दिलं, पावनं?" आजींनी विचारलं.

भाच्यानं आकडा इंग्रजीत सांगितला.