आईचा अंगठा उठत नाही

आज दुपारपासून डोकं तापलंय. लिहिल्याशिवाय निवणार नाही, म्हणून लिहितेय. लांबेल पोस्ट. कंटाळा आला तर सोडून द्या.

नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. ज्यांच्या घरी पेन्शनर आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. आपण अजून जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सिद्ध करायचं, नाहीतर पेन्शन थांबते. आई 78 वर्षांची आहे. तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाली. इतकी वर्षं ती एकटी बँकेत जायची, सही करायची आणि येताना भाजी घेऊन यायची. यंदा काउंटरवरच्या मुलाने एक डबीएवढं यंत्र पुढे सरकवलं. "आजी, अंगठा ठेवा."

ठेवला. नाही उठला. पदराला पुसून ठेवला. नाही. डावा ठेवला, मग तर्जनी, मग परत उजवा. मागे रांग वाढत चाललेली. सातव्या खेपेला तो काचेमागून ओरडला, "आजी, नीट दाबा ना! कळत नाही का?" आणि लगेच माझ्याकडे वळून, आई तिथे नाहीच अशा थाटात, "मॅडम, यांना ऐकू येत नाही का?"

येतं रे बाबा. तुझ्यापेक्षा जास्त कळतंही.

बोटांवरचे ठसे आपण आईच्या पोटात असतानाच तयार होतात. सहाव्या महिन्यापर्यंत नक्षी पक्की झालेली असते आणि ती मरेपर्यंत बदलत नाही. आईच्या अंगठ्यावर आजही तीच नक्षी आहे जी जन्माला येताना होती. पण वयाबरोबर कातडी पातळ होते, कोरडी पडते, तिच्यावरचे उंचवटे सपाट होत जातात. त्यात पन्नासेक वर्षं भांडी घासलेली, राखेने, नंतर पावडरीने. यंत्राला ते वाचता येत नाही. मग चूक यंत्राची की आईची? "नीट दाबा" म्हणे. जास्त दाबलं की ठसा आणखी फिसकटतो.

आणि ऐकण्याचं म्हणाल, तर म्हातारपणी सगळेच आवाज सरसकट कमी ऐकू येतात असं नाही. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. स, श, फ, त यांसारखी व्यंजनं निसटतात, स्वर राहतात. म्हणून आई म्हणते, "बोललेलं ऐकू येतं गं, पण काय बोलले ते लागत नाही." अशा माणसावर ओरडलं की नुसते स्वर मोठे होतात. समोर येऊन, तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोललं की आईला सगळं समजतं. काचेमागून मान खाली घालून पुटपुटलेलं मला 49 व्या वर्षी कळलं नाही, तिला काय कळणार?

मान्य, रांग मोठी होती, पोराला दिवसभर हेच करायचं असतं, आणि ते यंत्र काही त्याने बनवलेलं नाही. पण तरीही.

मला खरा राग कशाचा येतो सांगू? आमच्या घरात तीन बायका आहेत आणि तिघींची शरीरं सध्या बदलताहेत. लेक पंधराची. रात्री एकपर्यंत जागी, सकाळी हाका मारून घसा बसतो. त्यावर आपण सगळे शहाण्यासारखे म्हणतो, या वयात झोपेचं संप्रेरकच उशिरा सुटतं, मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पिकत असतो, समजून घ्या. घेतो. माझी पाळी गेल्या वर्षी गेली. मध्यरात्री अंगातून वाफा निघतात, दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून मी विसरते, कारण नसताना रडू येतं. मलाही मैत्रिणी म्हणतात, "अगं, हार्मोन्स!" चाळिशी तर डोळ्यावर चढून जुनी झाली. डोळ्यातलं भिंग कडक होतं, जवळचं दिसेनासं होतं. कुणीही मला त्याबद्दल "कळत नाही का" असं विचारलेलं नाही.

आईच्या वाट्याला मात्र काय? "हट्टी झाल्यात." "मुद्दाम करतात." "साठी बुद्धी नाठी." किती सहज म्हणतो आपण हे! पोरीचा आणि माझा दोष शरीराचा, आईचा दोष स्वभावाचा.

म्हातारपणी मेंदूचा वेग मंदावतो, हो. आठवायला वेळ लागतो. पण शब्दांचा साठा बहुतेकांचा शाबूत राहतो. आई रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवते. सातबारा, आठ-अ, फेरफार यांत काही अडलं तर अजून आळीतले लोक तिच्याकडे येतात. (विस्मरणाचे खरे आजार असतात, आणि तशी शंका आली तर डॉक्टरकडे न्यायलाच हवं, हे मला माहीत आहे. कमेंटमध्ये शिकवू नका.)

आता यातली खरी मेख. नव्वदच्या सुमाराला साक्षरता अभियान चालू होतं तेव्हा कचेरी सुटल्यावर आई संध्याकाळी बायकांचा वर्ग घ्यायची. मी कंदील धरून सोबत जायचे. त्या बायकांना आधी काय शिकवायची? स्वतःची सही. "अंगठा लावायचा नाही. नाव लिहायचं," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगायची. एका आजीने पाटीवर पहिल्यांदा आपलं नाव लिहिलं आणि ते पुसू देईना, पाटी तशीच घरी घेऊन गेली. आणि आज माझ्या आईला, सुरेख वळणदार सही असलेल्या बाईला, सात वेळा सांगतात, अंगठा लावा.

हे मी रिक्षात तावातावाने आईला बोलून दाखवलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं नेहमीसारखं लागलं नसेल. मग म्हणाली, "मी पण ओरडायचे गं."

"कुणावर?"

"निराधारच्या अनुदानाला म्हाताऱ्या यायच्या. जांभळ्या शाईचं पॅड असायचं माझ्या टेबलावर. ठसा फिसकटला की मी त्यांचं बोट धरून दाबायचे. म्हणायचे, नीट ठेवा हो, कागद वाया जातो. हाताला काय झालं होतं त्यांच्या, ते आज कळलं."

मी गप्प. माझा निम्मा राग तिथेच रिक्षात सांडला. उरलेला धरून ठेवायचा प्रयत्न करतेय, पण खरं सांगायचं तर काल रात्री मीच आमटी खारट झाली म्हणून ताट सरकवलं होतं. वास आणि चव वयानुसार बोथट होतात, मग हात मिठाकडे जास्त जातो. हे मला माहीत होतं, तरी सरकवलं. पूर्वी फोडणी करपली की ही बाई अंगणातून ओरडायची. पाणी पीत नाही म्हणूनही मी रोज बोलते. तिला तहानच लागत नाही पूर्वीसारखी. आणि देवघराच्या वरच्या फळीवरचा डबा तिने परवा लेकीकडून काढून घेतला, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की आईची उंची कमी झालीये. मणक्यांमधल्या चकत्या झिजतात. कधी झिजल्या, मी बघत नव्हते.

दाखल्याचं पुढे काय झालं ते राहिलंच. शेवटी रांगेतल्याच एका माणसाने सांगितलं की चेहऱ्यानेही होतं. त्या मुलाने मोबाइल आईच्या तोंडासमोर धरला आणि डोळे मिचकवायला सांगितलं. आईने एकच डोळा मिचकावला. मागे कुणीतरी फिसकन हसलं, आई पण हसली, शेवटी तो पोरगाही हसला. तिसऱ्या वेळेला झालं. निघताना ती त्याला म्हणाली, "जेवलास का रे? दोन वाजले." चिडले होते ती मीच. ती नाही.

आत्ता हे टाइप करतेय तर बाहेर टीव्ही लागलाय. आवाज 38 वर. आळीला बातम्या ऐकू जाताहेत. मी अजून तरी काही बोललेले नाही. लेक मात्र खोलीतून ओरडली, "आजीऽऽ, आवाज!"

आजीला लागलं नसावं.