सहाशे वीस रुपयांनी काय बिघडतं?

चतुर्थी तोंडावर आली की गोव्यात आमच्या डिचोलीतल्या बायकांच्या व्हॉट्सॲप गटावर माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) सामानाआधी पेन्सिली येतात. यंदाचा मेसेज असा: नामांकित कंपनीच्या पेन्सिली घरी पॅक करा, रोज शंभर पाकिटं, महिना ३०,००० रुपये. माल घरपोच, अर्धा पगार आगाऊ. ओळखपत्राचे फक्त ६२० रुपये, तेही पहिल्या पगारात परत. कंपनी सरकारमान्य. खाली कुणीतरी भर घातलेली: ‘घाबरणारे घाबरतात. ६२० रुपयांनी काय बिघडतं?’

आधी पगाराचं बघू. रोज शंभर म्हणजे महिन्याला तीन हजार पाकिटं, म्हणजे पाकिटामागे १० रुपये. पाच रुपयांची पेन्सिल धरली तर दहांचं पाकीट पन्नासला. त्या पन्नासांत लाकूड, शिसं, रंग, वीज, टेंपोचं भाडं, घाऊकवाला आणि कोपऱ्यावरचा दुकानदार, सगळ्यांचा वाटा. त्यातले दहा नुसतं खोक्यात भरायला कोण देईल? वर सुट्या पेन्सिली डिचोलीपर्यंत आणायच्या आणि भरलेली पाकिटं परत न्यायची. चौथीतलं पोरही हा धंदा करणार नाही.

घरबसल्या काम नसतंच असं मी म्हणत नाही. मी स्वतः दोन वर्षं एका शिलाईवाल्या बाईंकडून ब्लाउज आणून हुक-काज करायचे. पहिला ब्लाउज त्यांनी उजेडात धरला, माझी काजं नखानं ओढून पाहिली आणि चार उसवून परत हातात दिली. पैसे ठरले ते नंतर, आणि तेही त्यांच्याकडून माझ्याकडे. पेन्सिलवाल्याला तुमचे हात बघायचेच नसतात. आधार कार्ड, फोटो आणि ६२० रुपये, एवढीच त्याची मुलाखत. (आधाराचा तोच फोटो पुढे दुसऱ्या कुणाला ‘आमच्या मॅनेजर मॅडम’ म्हणून दाखवला जातो.)

आता ‘फक्त ६२०’. रक्कम मुद्दामच अशी की नवऱ्याला सांगावं लागू नये आणि बुडाली तर पोलिसांत जायची लाज वाटावी. शेजारच्या काकींनी ती भरली. दुसऱ्या दिवशी कुरियरचे १,८५० मागितले, ‘माल निघालाय, परत मिळतील’. तेही भरले. गृहिणींसाठीच्या सरकारी गृह आधार योजनेचे महिन्याला दीड हजार येतात त्यांना. दीड महिन्याहून जास्त तिथेच गेलं. तिसऱ्या दिवशी जीएसटीचे ४,५०० मागितले, तेव्हा त्या मोबाईल घेऊन माझ्याकडे आल्या.

मी त्या पेन्सिलवाल्याला स्पीकरवर फोन लावला. गोदाम कुठे? ‘वेर्णा, मॅडम.’ वेर्ण्याची औद्योगिक वसाहत फेजवार आहे, म्हणून विचारलं, कुठल्या फेजला? जरा थांबला. ‘मेन वेर्णा.’ मग आम्हीच येऊन माल नेतो, कुरियरचे परत द्या. ‘लेडीजना अलाऊड नाही.’ वेर्ण्याच्या कारखान्यांत रोज बसगाड्या भरून बाया कामाला जातात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि तो जीएसटी! पगारावर जीएसटी नसतोच. सुटं काम म्हणा, तरी वर्षाला २० लाखांच्या आत सेवा देणाऱ्याला साधारणपणे नोंदणीसुद्धा लागत नाही.

‘सरकारमान्य’चा पुरावा म्हणून लघुउद्योग नोंदणीचं उद्यम प्रमाणपत्र पाठवतात. ते ऑनलाइन, फुकट, स्वतःच्याच सांगण्यावर मिळतं. जीएसटी क्रमांक खरा असला तरी कुणाचा ते सरकारी पोर्टलवर टाकून बघा. भलत्याच कुणाचं नाव निघू शकतं.

‘पैसे मिळालेल्यांचे स्क्रीनशॉट आहेत’ हे सगळ्यात जास्त पटतं. स्क्रीनशॉट बनवायला पाच मिनिटं लागतात, ते सोडा. टेलिग्रामवरच्या ‘हॉटेलला रेटिंग द्या’ कामांत तर पहिले दीड-दोनशे खरोखर खात्यात येतात. ते आमिष. पुढचं काम ‘आधी पैसे भरा, जास्त घ्या’चं, आणि तिथे हजार, मग दहा हजार अडकतात. शिवाय आलेले दोनशे दुसऱ्या फसलेल्याचे असले तर तुमचंच खातं गोठू शकतं.

डेटा एंट्रीवाले करार करून घेतात म्हणून ते पक्के, असंही म्हणतात. तो करारच सापळा. नव्वद टक्के अचूकता हवी म्हणायचं, मुद्दाम नापास करायचं आणि वकिलाच्या नावाची नोटीस धाडून दंड मागायचा. काम अपुरं राहिलं म्हणून पोलीस पकडत नाहीत, आणि फसवून घेतलेली संमती १८७२ च्या करार कायद्यानं रद्द करता येते. नोटीस जपून ठेवा, पैसे देऊ नका.

काकींनी त्याच दुपारी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक विचारतात, तो आधी शोधून ठेवावा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. रागानं चॅट पुसू नका, तोच पुरावा. सायबर पोलीस ठाणं रायबंदरला आहे.

राहिलं ‘आपल्याच माणसानं पाठवलंय’. गटावर मेसेज टाकणाऱ्या बाईंना मी रात्री फोन केला. भांडायचंच ठरवलं होतं. त्यांचा स्वतःचा माल तीन आठवडे यायचा होता. पाच जणींना जोडलं की तुमचे ६२० परत, असं त्यांना सांगितलं होतं. काकी चौथ्या.