पाणी आलं होतं तर आलं होतं म्हणून सांगा की!

कोल्हापुरात जुना फ्लॅट बघायला गेलो की माझा पहिला प्रश्न पुराचा असतो. आणि उत्तर ठरलेलं असतं. "नाही हो, आपल्याकडं पाणी येत नाही. पलीकडच्या गल्लीपर्यंत येतं." शाहूपुरीत हेच, नागाळा पार्कात हेच, रमणमळ्यात हेच, दुधाळीत हेच. पलीकडच्या गल्लीत गेलं की तिथला मालक अलीकडं बोट दाखवतो. अरे, २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आम्ही सगळ्यांनी इथंच काढलाय. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट. दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. व्हीनस कॉर्नरला बोटी फिरल्या, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर बघितलं. आणि तुम्ही माझ्या तोंडावर सांगताय की तुमच्या उंबऱ्याला पाणी शिवलंच नाही?

माझा धंदा सरळ आहे. जुनी घरं, जुने फ्लॅट घ्यायचे, दुरुस्त करायचे, काही विकायचे, काही भाड्यानं ठेवायचे. इन्व्हेस्टर म्हटलं की लोकांना वाटतं हा भाव पाडायला आलाय. भाव मी करतो, धंदाच आहे तो. पण मी घर विकताना घेणाऱ्याला सगळं सांगतो. कुठली पाइप बदलली, कुठली जुनीच ठेवली, स्लॅबला कुठं लोखंड उघडं पडलं होतं, पाणी कितीपर्यंत आलं होतं. मग मला घर विकणाऱ्यानं एवढं तरी का सांगू नये?

तळमजल्यावरचा एक फ्लॅट बघितला. बाहेरून चकाचक. आतून नवा रंग, दाराला नवं पॉलिश, मालक बरोबर, एजंट बरोबर. सगळ्या भिंतींना कमरेपर्यंत ताजी पुट्टी आणि त्याच्या वर जुनाच गिलावा. बोटानं ठोकलं तर खाली पोकळ आवाज. माझा वायरमन बरोबर होता. त्यानं हॉलमधल्या स्विचबोर्डाचे स्क्रू काढले. वरची प्लेट कोरी करकरीत, पण मागचा लोखंडी डबा गंजून फुगलेला, आणि डब्याच्या तळाला बोटभर जाडीचा वाळलेला गाळ. राखाडी, मऊ, चिमटीत धरला की पीठ होणारा. वायरीच्या पाइपाच्या तोंडातही तोच. पंचगंगेचा गाळ ओळखायला कोल्हापूरच्या माणसाला लॅब लागत नाही, २०१९ नंतर आम्ही तो घराघरांतून फावड्यानं काढलाय. मालक काय म्हणाला? "ते बांधकामाच्या वेळचं सिमेंट असेल." तीस वर्षांपूर्वीच्या बांधकामाचं सिमेंट, असल्या डब्यात, पिठासारखं! आणि एजंट शेजारी उभा राहून मान डोलावतोय!

मला राग पाण्याचा नाही. नदीकाठचं शहर आहे, पाणी येणार. पूर आलेलं घर मी घेतो, घेतलेली आहेत. त्याचा हिशोब वेगळा असतो एवढंच. लोणा धरलेला गिलावा खरवडून काढावा लागतो, भिंत महिनोन्‌महिने वाळू द्यावी लागते, त्याशिवाय वर काहीही फासलं तरी पुढच्या पावसाळ्यात पोपडे सुटतात. लाकडी चौकटी फुगलेल्या असतात, त्या काढून ग्रॅनाइटच्या बसवाव्या लागतात. सगळं वायरिंग उपसून बोर्ड छातीच्या वर घ्यावे लागतात. ड्रेनेजला उलटं पाणी येऊ नये म्हणून व्हॉल्व्ह टाकावा लागतो. ह्याला लाखांत पैसे जातात, आणि तेवढे किमतीतून वजा झाले पाहिजेत. तुम्ही खरं सांगितलं तर आपण बसून आकडा काढू. तुम्ही खोटं सांगितलं तर तो आकडा माझ्या माथी, आणि मी तुमच्यासारखाच निघालो तर माझ्यानंतरच्याच्या माथी.

आणि त्या पुढच्याचं काय होतं हे कुणी विचारात घेतं का? शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून लातूरहून, बेळगावहून एखादं जोडपं येतं. तळमजला, भाडं परवडतं, मालक म्हणतो पाणी येत नाही. ह्या लोकांना कोण सांगणार की जुलै-ऑगस्टमध्ये रोज सकाळी बंधाऱ्याची पातळी बघायची असते? की ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, आणि आपल्या गल्लीत किती फुटाला पाणी शिरतं ते ज्याचं त्याला ठाऊक पाहिजे? जुना कोल्हापूरकर पाणी वाढायला लागलं की फ्रीज, गादी, पोरांची दप्तरं, धान्याचे डबे आधीच माळ्यावर टाकतो आणि पाहुण्यांकडं जातो. नवीन माणूस झोपलेला असतो. त्याची बायको-पोरं रात्री बोटीतून काढावी लागतात. हे तुमच्या एका खोटेपणाचं फळ आहे. माझ्या भाडेकरूला मी ॲग्रीमेंटच्या दिवशीच सांगतो, मागच्या वेळी पाणी इथंवर होतं, अमुक फूट झाले की तुम्ही वरच्या मजल्यावर यायचं, किल्ली तिथं आहे. कमी भाडं घेतो, पण माणसं टिकतात.

पूररेषेचंही तसंच. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतला भाग निषिद्ध, तिथं नवीन बांधकामावर बंधन. एजंट म्हणतात, "ते नवीन बांधकामाला, तुम्हाला तयार फ्लॅट घ्यायचाय, तुम्हाला काय त्याचं?" तयार फ्लॅट तीस वर्षांचा आहे ना? आणखी वीस वर्षांनी ती बिल्डिंग पाडून नवी बांधायची वेळ आली की निळ्या रेषेच्या आतल्या फ्लॅटवाल्यानं काय करायचं? पुन्हा बांधायची परवानगी मिळाली तरी अटींवर, आणि असला हिस्सा घ्यायला सहजासहजी कुणी येणार नाही. पन्नास लाख मोजणाऱ्या माणसाला नकाशा दाखवायला ह्यांना जड जातं.

बरं, पाणी एक झालं. कागदाची तर त्याहून वाईट अवस्था. पेठेतलं घर बघायला जावं, मालक म्हणून चहा देणारा माणूस एक, आणि प्रॉपर्टी कार्डावर नाव त्याच्या आजोबांचं. आजोबा जाऊन जमाना झाला. वारस नोंद केलेली नाही. मधल्या पिढीतले चुलते, आत्या, त्यांची पोरं, कुणाचा पत्ता नाही. आणि विचारलं की, "आमचं आपसांत ठरलंय, काय अडचण नाही." अडचण नाही तर कार्डावर नाव का चढवलं नाही? घरफाळा भरताय, पाणीपट्टी भरताय, मग ही एक नोंद करायला काय झालं?

आणि बहिणी. ह्या विषयावर माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं. "बहिणींची लग्नं झाल्यात, त्यांचा काय प्रश्न नाही." कोण म्हणतं प्रश्न नाही? ९ सप्टेंबर २००५ पासून कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाएवढाच हक्क आहे. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं की हा हक्क जन्मानं आहे, २००५ ला वडील हयात असोत किंवा नसोत. वडिलांनी स्वतः कमावलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल तर त्यातही मुलगी वारस आहेच, १९५६ पासून आहे. लग्न होण्याचा ह्याच्याशी काडीचा संबंध नाही. हे भावाला ठाऊक नसतं असं नाही. ठाऊक असतं, म्हणूनच तो घाईत असतो.

एका व्यवहारात संचकारपत्र (खरेदीआधीचा करार) झालं, विसार म्हणजे आगाऊ रक्कम दिली, माझ्या वकिलांनी पेपरात जाहीर नोटीस दिली. चार दिवसांनी वकिलांच्या ऑफिसात एका बाईंचा फोन. साठीच्या असतील. इचलकरंजीत दिलेल्या. म्हणाल्या, "नोटिशीत आमच्या घराचा सि.स. (सिटी सर्व्हे) नंबर हाय. आमचं घर इकायलंय व्हय कोण? मला कुणी इचारलंच नाही." त्यांचा आवाज चिडलेला नव्हता, त्या रडत होत्या. त्या घरात त्यांचा जन्म झालेला, आईचं शेवटचं आजारपण त्यांनीच येऊन जाऊन काढलेलं. पैशाचं त्यांनी नावसुद्धा काढलं नाही, फक्त विचारत होत्या की मला का सांगितलं नाही. मी त्या भावाला समोर बसवून विचारलं, तर म्हणतो, "हक्कसोडपत्र करून आणतो की, ती काय नाही म्हणणार नाही." म्हणजे बहिणीचा हक्क हा ह्याच्या खिशातला रुमाल! मी व्यवहार थांबवला. बहिणीला हिश्श्याचा चेक तिच्या नावानं, तिची सही खरेदीपत्रात मान्यता देणार म्हणून नव्हे, लिहून देणार, म्हणजे विकणाऱ्यांपैकीच एक म्हणून, तरच घर घेईन म्हणून सांगितलं. तर एजंट माझ्यावरच भडकला. "तुम्ही दुसऱ्याच्या घरची भांडणं कशाला लावताय?" मी लावतोय? घर तुम्ही तिच्या पाठीमागं विकायला काढलंय!

विसाराचे पैसे परत मिळवायला किती चपला झिजवल्या ते सांगत बसत नाही.

रोखीचं रडगाणं आता सगळीकडं आहे. "एवढे चेकनं, वरचे रोख." घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर ती रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, हे सांगितलं तरी मालक ऐकत नाही, कारण एजंटनं त्याला सांगितलेलं असतं की सगळे असंच करतात. आणि माझं नुकसान वेगळंच. मी दिलेली रोख कागदावर नाही. उद्या दुरुस्त करून दोन वर्षांच्या आत विकलं तर सगळा फरक नफा धरून प्राप्तिकराच्या स्लॅबप्रमाणं कर, म्हणजे जो पैसा मी तुम्हाला दिला त्याच्यावर कर मी भरायचा. वर महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के, नोंदणी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,०००. ते मी आनंदानं भरतो, पूर्ण रकमेवर भरतो. मला रात्री झोप लागली पाहिजे.

आणि आता मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच. १८ ऑगस्ट २०२५ ला बेंच सुरू झालं, अख्ख्या शहरानं त्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलन केलं होतं, अभिमानाची गोष्ट आहे. पण त्या दिवसापासून बेंचसमोरच्या सीपीआर दवाखान्यापासून कितीही लांबचा फ्लॅट असो, एजंट भाव सांगताना बेंचवरच सुरू होतो. पाचगावातला फ्लॅट बेंचमुळं महाग, उचगावातला बेंचमुळं महाग. वकील तिथं राहायला येणार आहेत म्हणे. चाळीस लाखांच्या फ्लॅटला महिना दहा-अकरा हजार भाडं मिळतं, वर्षाला तीन-सव्वातीन टक्के. त्यातून घरफाळा, मेंटेनन्स, रिकामे महिने वजा करा. ज्या पोरांनी ह्या गप्पांवर विश्वास ठेवून कर्ज काढून दुसरा फ्लॅट घेतलाय त्यांचा हप्ता भाड्यातून निघत नाही, पगारातून जातो. त्या पोरांचं मला वाईट वाटतं.

भाड्यानं देणारे मालकही काही कमी नाहीत. पूर्वी शंभराच्या, आता पाचशेच्या स्टँपवर नोटरी करायची, अकरा महिने लिहायचं, झालं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे असं स्वच्छ लिहिलंय, जबाबदारी मालकाची आहे, अकरा महिन्यांचा असला तरी आहे. शहरात नोंदणी फी हजार रुपये. भाडेकरू दाखवला की घरफाळा वाढतो म्हणून नोंदणी करायची नाही, आणि भाडेकरूनं खोली सोडली नाही की तालमीतली पोरं घेऊन जायचं. ह्या लोकांमुळं चांगला भाडेकरूसुद्धा माझ्याकडं येताना डिपॉझिट बुडेल म्हणून बिचकत येतो.

एजंट लोकांना एक सांगायचंय. तुम्ही दोन्हीकडून कमिशन घेता, घ्या. पण त्या पैशात दोन्हीकडं खरं बोलणं येतं. घर कुठल्या रेषेत आहे, कार्डावर नावं कुणाची, बहिणी किती, २०१९ ला पाणी कितीपर्यंत होतं, हे तुम्हाला माझ्याआधी ठाऊक असतं. तुम्ही त्याच गल्लीत लहानाचे मोठे झालाय.

मी आता संचकारपत्रात एक कलम घालतो. २०१९ आणि २०२१ ला ह्या मिळकतीत पाणी आलं होतं की नाही, आलं असल्यास जमिनीपासून किती फूट, सगळे वारस कोण, त्यात बहिणींची नावं, आणि ह्यातलं काही खोटं निघालं तर विसार दुपटीनं परत. पाच ओळींचं कलम आहे. ते वाचल्यावर निम्मे मालक पेन खाली ठेवतात, आणि एजंट मला बाजूला घेऊन म्हणतात, "साहेब, असलं लिहून घेतलंत तर तुम्हाला कोल्हापुरात कोण घर देणार नाही." नका देऊ. सही झाल्याशिवाय माझा चेक निघणार नाही.