समुद्राचा तळ गाठू इच्छिणाऱ्यांसाठी

खोल समुद्रात मासेमारीचा किंवा तेलाचा धंदा काढताय? अभिनंदन. जागा नामी निवडलीत. उथळ पाण्यातल्या प्रवाळाचं मोठं लचांड असतं. तिथे पर्यटक कॅमेरे घेऊन डुबक्या मारतात आणि काही मोडलं की बोंब होते. तीनशे-चारशे मीटर खाली कोण जातंय? तिथलं प्रवाळ उन्हावाचून जगतं, वाहत्या पाण्यातून येईल ते टिपून खातं आणि वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वाढतं. हवाईजवळच्या एका काळ्या प्रवाळाचं वय तर ४,००० वर्षांहून जास्त भरलं. एका जागी इतकी वर्षं ठाण मांडून बसणं म्हणजे उघड अतिक्रमण. ते हटवायला तुमचं जाळं समर्थ आहे.

पण नकाशा निघायच्या आत हटवा. नॉर्वेत रोस्ट बेटाजवळ २००२ मध्ये ३५ किलोमीटरच्या आसपास लांबीची प्रवाळभित्ती सापडली आणि पुढच्याच वर्षी तिथे तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यांना बंदी! सुदैवाने त्या देशाच्या पाण्यातल्या ३० ते ५० टक्के प्रवाळक्षेत्राला तोवर ट्रॉलरचा प्रसाद मिळून चुकला होता, असा तिथल्याच शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. वेळेवर उठणाऱ्यांचं असं भलं होतं.

कायदाही तुमच्याच बाजूने आहे, नीट वाचा. युरोपीय संघाने २०१६ मध्ये ८०० मीटरच्या खाली तळाचं ट्रॉलिंग बंद केलं हे खरं, पण त्याहून वरच्या खोल पाण्यात २००९ ते २०११ या काळात जिथे मासेमारी झाली होती ती जागा बव्हंशी खुली ठेवली. म्हणजे आधी खरवडा, मग वहिवाट सांगा.

जाळ्यात प्रवाळ आलंच तर? ईशान्य अटलांटिकच्या आंतरराष्ट्रीय पाण्यात नियम असा, की एका ओढीत ३० किलोहून जास्त जिवंत प्रवाळ आलं तर कळवायचं आणि दोन सागरी मैल बाजूला सरकायचं. बिचकू नका. मोडलेल्यातलं बरंचसं जाळ्याच्या भोकांतून गळून खालीच राहतं. काट्यावर चढेल तेवढाच तुमचा गुन्हा. २९ किलो भरलं तर पुन्हा तिथेच जाळं टाका. शिवाय हिशेब जिवंत प्रवाळाचा आहे, त्यामुळे मागच्या फेरीत मेलेलं धरायचं कारण नाही. (हे नियम कुणी बसवले त्यांचा एकदा सत्कार व्हायला हवा.)

तेलवाल्यांनो, ड्रिलिंगचा गाळ आजूबाजूला पसरतो, पसरू दे. तळावर गाळच असायचा. मेक्सिकोच्या आखातात २०१० मध्ये डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या प्लॅटफॉर्मवर स्फोट झाला. पुढे विहिरीपासून ११ किलोमीटरवर, १,३७० मीटर खोलीवर, प्रवाळ तपकिरी थराखाली गुदमरलेलं दिसलं. यात तेलाचा काय दोष? दोष खाली यंत्र पाठवून बघणाऱ्यांचा.

एक हुकमी पान मात्र राखून ठेवा. उत्तर समुद्रातल्या तेल प्लॅटफॉर्मच्या पायांवर खोल पाण्यातलं प्रवाळ खरोखर वाढलेलं आढळलंय. त्याचा फोटो वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर रंगीत छापा. पायाखालच्या तळाचा फोटो कुणी मागितलाच, तर तिथे अंधार असतो म्हणून सांगा. अहवालात एखादं वाक्य निर्विवाद खरं असलेलं बरं.